उन्हाशी अबोला

फार्मसीतून आणलेल्या डॉक्सिसायक्लिन नावाच्या अँटिबायोटिकच्या बाटलीवर तीन चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. एकीवर लिहिलं होतं, भरपूर पाण्याबरोबर घ्या. दुसरीवर, दुधाच्या पदार्थांबरोबर घेऊ नका. तिसरीवर सूर्याचं चित्र आणि खाली, उन्हात जाणं टाळा. पहिल्या दोन मी मनावर घेतल्या. तिसरी वाचली आणि सोडून दिली. मी सोलापूरची. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत डोक्यावर ओढणी घेऊन शाळेतून चालत घरी आलेली. अमेरिकेतल्या कनेटिकटच्या जूनमधलं ऊन आपल्याला काय करणार, असं वाटलं. ती चिठ्ठी गोऱ्या लोकांसाठी असणार, असं मी धरूनच चालले.

त्या धरून चालण्याचे डाग वर्षभर माझ्या हातावर होते. आता पुन्हा मे लागलाय. इथल्या आपल्या कितीतरी घरांत आई-वडील, सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेत, बागेत वाफे तयार होताहेत, शनिवार-रविवारचे ट्रेक ठरताहेत. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

आमचं घर हार्टफर्डच्या दक्षिणेला, कनेटिकट नदीपासून फार लांब नाही. मागे अंगण, अंगणाच्या टोकाला दगडांचा जुना बांध आणि त्यापलीकडे ओकची झाडी. मागच्या वर्षी मेच्या अखेरीस मेमोरियल डेच्या सुट्टीत मी त्या बांधाशी साचलेला पालापाचोळा काढायला बसले. मेथी, टोमॅटो आणि मिरच्या लावायच्या होत्या. अर्धी पँट, पायात चप्पल. तासभर उकिडवी बसून पानं ओढत होते. संध्याकाळी अंघोळ केली, जेवले, झोपले. काही चावल्याचं कळलं नाही. आजही मी ती गोचीड पाहिलेली नाही.

गोचीड म्हटलं की मला आजोबांच्या गोठ्यातली म्हैस आठवते. तिच्या कानामागे चिंचोक्याएवढी फुगलेली राखाडी गोचीड असायची. आजोबा ती चिमटीत धरून ओढायचे आणि रॉकेलच्या डबीत टाकायचे. त्यामुळे गोचीड ही दिसणारी गोष्ट आहे, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. इथली काळ्या पायांची गोचीड तशी नसते. पूर्ण वाढलेली तिळाएवढी, आणि मे ते जुलैमध्ये सगळ्यात जास्त त्रास देणारं तिचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं. घरात खसखस असेल तर एक दाणा तळहातावर घेऊन बघा आणि मग तो गुडघ्याच्या मागच्या घडीत शोधायचाय अशी कल्पना करा. ती चावते तेव्हा दुखतही नाही, खाजतही नाही. साधारण दीड-दोन दिवस चिकटून रक्त पीत राहिली, की तिच्या पोटातले लाइम नावाच्या आजाराचे जंतू आपल्या अंगात उतरतात. हे जंतू तिला बहुतेक वेळा पांढऱ्या पायांच्या उंदरांकडून मिळतात. हरणं तिला फक्त पोसतात आणि इकडून तिकडे नेतात.

आठ-नऊ दिवसांनी डाव्या गुडघ्याच्या मागे एक काळपट-जांभळा डाग दिसला. कुठेतरी आपटलं असेल, म्हणून सोडून दिला. मग अंग मोडून आलं. कणकण, मान आखडलेली, जिना चढताना मांड्या भरून यायच्या. जूनमध्ये थंडी वाजून स्वेटर घालून बसले होते. घराजवळच्या एका दवाखान्यात गेले, तिथे डाग बघून सांगितलं, कोळी चावला असेल, नाहीतर मुका मार असेल. क्रीम दिलं. मी घरी आले आणि क्रीम लावत बसले. आणखी सहा दिवस गेले.

लाइमचा डाग कसा दिसतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. ऑफिसच्या जेवणाच्या खोलीत त्याचं चित्र लावलेलं आहे. गोऱ्यापान दंडावर लालबुंद वर्तुळ, मध्ये फिकट कडं, पुन्हा लाल ठिपका. नेमबाजीच्या फलकासारखं. माझ्या सावळ्या पायावर तसलं काहीच नव्हतं. लाल रंगच नव्हता. कातडी आहे त्याहून गडद झालेली आणि कडेला थोडी जांभळट. पुढे कळलं की गोऱ्या कातडीवरसुद्धा तो नेमबाजीचा फलक सगळ्यांना उमटत नाही, कित्येकांना नुसता पसरत जाणारा सपाट डाग येतो. आणि आपल्यासारख्या रंगावर तो मुका मार लागल्यासारखा दिसू शकतो. साधारण शंभरातल्या सत्तर-ऐंशी जणांना डाग येतो, बाकीच्यांना येतच नाही. ज्यांना येतो त्यांच्यातही आपला डाग ओळखलाच जाईल असं नाही. हे मला फार लागलं. त्या चित्रात एखादा सावळा पाय असता, तर मी आठवडाभर आधी औषध सुरू केलं असतं.

शेवटी माझ्या नेहमीच्या डॉक्टरांकडे वेळ मिळाली. त्यांनी खोलीतला दिवा बंद केला आणि खिडकीजवळ नेऊन तिरक्या उजेडात पाय बघितला. हाताची उलटी बाजू डागावर ठेवली, मग शेजारच्या कातडीवर. "इथे गरम आहे," म्हणाल्या. पेन घेऊन डागाची कड आखली आणि मोजली. तेरा सेंटिमीटर. मी रक्त तपासायचं का विचारलं. त्या म्हणाल्या, या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडीज रक्तात दिसायला काही आठवडे लागतात, आत्ता तपासलं आणि निगेटिव्ह आलं तर उगाच फसगत होईल. गोचिडींच्या मुलखात राहता, बागेत बसला होतात, डाग पसरतोय, ताप आहे. एवढं पुरे. डॉक्सिसायक्लिन, 100 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चौदा दिवस. जाताना त्या म्हणाल्या, "उन्हाची काळजी घ्या." मी मान डोलावली. मला त्या वेळी फक्त रोगाला नाव मिळाल्याचा आनंद होता.

त्या नावाचं गाव आमच्या घरापासून पाऊण तासावर आहे. लाइम आणि ओल्ड लाइम, नदी जिथे समुद्राला मिळते तिथली ही गावं. समुद्रावर जाताना हायवेवर पाटी लागते. 1975 च्या सुमाराला लाइममध्ये राहणाऱ्या पॉली मरे नावाच्या बाईंनी आणि ओल्ड लाइमच्या ज्युडिथ मेन्श यांनी आरोग्य खात्याकडे आणि येल विद्यापीठाकडे तक्रार केली, की आमच्या भागातल्या इतक्या मुलांचे गुडघे एकाच वेळी सुजतात कसे? मरेबाई कितीतरी वर्षं स्वतःची आणि मुलांची दुखणी वहीत टिपून ठेवत होत्या आणि डॉक्टर त्यांना तुमच्या मनाचे खेळ आहेत म्हणून परत पाठवत होते. येलच्या ॲलन स्टीअर यांनी ती तक्रार गंभीरपणे घेतली आणि तपास सुरू झाला. जंतू सापडला 1981 मध्ये, विली बर्गडॉर्फर यांना, आणि त्यांच्याच नावावरून त्याला बोरेलिया बर्गडॉर्फेरी म्हणतात. पण मला त्या वहीचं मोल सगळ्यात जास्त वाटतं. एका आईने स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला. मी तर माझ्या पायावरचा डाग बघूनही चार लोकांना विचारत राहिले.

तर औषध सुरू झालं. पहिल्याच रात्री हुडहुडी भरली आणि ताप आणखी चढला. जंतू मरायला लागले की पहिल्या चोवीस तासांत असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरले नाही. बाकी या औषधाची शिस्त आपल्या जेवणाशी जरा आडवी जाते. रिकाम्या पोटी घेतलं तर मळमळतं, आणि जेवणात दही, ताक, पनीर असेल तर त्यातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं, अंगात नीट उतरू देत नाही. मी सकाळी पोळी-भाजीबरोबर घ्यायचे, दुधाचा चहा दोन तासांनी. रात्री जेवणाबरोबर, आणि मग तासभर आडवं व्हायचं नाही. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथे जखम होते, म्हणून मोठा पेलाभर पाणी. हे सगळं मी काटेकोर पाळलं.

चौथ्या दिवशी शनिवार होता. लेकीच्या सॉकरच्या मॅचेस होत्या, समुद्राकडच्या गावात. ताप उतरला होता, बरं वाटत होतं. रूट नाईनने दक्षिणेकडे चाळीस मिनिटं मीच गाडी चालवली. मैदानावर दहा ते एक. आकाश ढगाळलेलं, वारं गार. ऊन असं जाणवलंच नाही. फुलाफुलांचा बिनबाह्यांचा कुर्ता, पायात कोल्हापुरी. परत येतानाही मीच चालवली.

गाडीतच डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. हात अवघडला असेल वाटलं. घरी येऊन कांदा चिरायला घेतला, तेव्हा नळाचं कोमट पाणी मनगटावर पडलं आणि मी ओरडलेच. तव्यावरची वाफ लागावी तसं. संध्याकाळी सातपर्यंत दोन्ही हात, कपाळ, नाक, गळ्याखालची हाडं आणि पायांचे पंजे तापून फुगले होते. लाल नाही, विटकरी काळे. बोटांची पेरं सुजून अंगठी अडकली, साबण लावून काढावी लागली.

रात्री झोप येईना म्हणून दिवा लावून मी हात बघत बसले होते. डावा हात उजव्यापेक्षा कितीतरी जास्त भाजला होता. अंगठ्याच्या बुडापासून कोपरापर्यंत एकसारखा गडद. मध्ये घड्याळाचा पट्टा आणि दोन काचेच्या बांगड्या यांच्या जागा माझ्या मूळ रंगाच्या, अगदी पट्टीने आखाव्यात तशा. बांगड्यांच्या मधली बारीक फट, तीसुद्धा भाजलेली. पायांवर कोल्हापुरीच्या पट्ट्यांचा ठसा होता, अंगठ्याच्या कडीचासुद्धा. त्या नक्षीकडे बघताना मला पहिल्यांदा ती तिसरी चिठ्ठी आठवली.

पण डावाच हात का, हे दुसऱ्या दिवशी फार्मसिस्टने समजावलं. रविवार होता, डॉक्टर नव्हते, म्हणून फार्मसीत फोन केला. तो भला माणूस वीस मिनिटं बोलला. हे औषध रक्तातून कातडीतही पोचतं. तिथे त्याच्यावर अतिनील किरण पडले की ते किरणांची ताकद शोषून घेतं आणि आजूबाजूच्या ऑक्सिजनला अशा रूपात बदलतं, की तो पेशींनाच जाळतो. ही ॲलर्जी नाही. एखाद्यालाच होईल आणि दुसऱ्याला होणार नाही अशी नशिबाची गोष्टही नाही. औषध जितकं जास्त आणि ऊन जितकं जास्त, तितकी शक्यता वाढते. कातडीतलं काळं रंगद्रव्य थोडा आडोसा करतं, पण औषध आत बसलेलं असताना तो आडोसा पुरत नाही. आणि हे काम करणारे किरण मुख्यतः यूव्हीए जातीचे. साध्या उन्हाने आपण रापतो, भाजतो त्यात यूव्हीबीचा हात मोठा, ते काचेत अडकतात. यूव्हीए काचेतून आरपार येतात, ढगांतूनही बरेचसे येतात. गाडीची पुढची काच दोन थरांची असते, मधल्या पापुद्र्यामुळे ती यूव्हीए बऱ्यापैकी अडवते. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत तशा नसतात.

मी मनात रस्ता आठवला. सकाळी दक्षिणेकडे जाताना माझी डावी खिडकी पूर्वेला. दुपारी उत्तरेकडे परत येताना तीच खिडकी पश्चिमेला. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा सूर्य माझ्या डाव्या हातावरच बसून होता.

सोमवारी डॉक्टरांनी हात बघितला, आणि दुसरं औषध देता येईल म्हणाल्या. अमॉक्सिसिलिन, त्याचं उन्हाशी असं वैर नाही. पण ही गोचीड एका चाव्यात लाइमबरोबर ॲनाप्लाझ्मोसिस नावाचा आणखी एक आजार देऊ शकते, त्यावर अमॉक्सिसिलिन चालत नाही, डॉक्सिसायक्लिन चालतं. मला सुरुवातीला ताप बराच होता. मी म्हटलं, हेच चालू ठेवते, ऊन सोडते.

सोडते म्हणणं सोपं होतं. इथे राहणाऱ्यांना सांगायला नको, आपण ऊन कसं जपून खातो ते. नोव्हेंबरपासून साडेचारला अंधार पडतो. घरातून अंधारात निघायचं, अंधारात परत यायचं. मार्चमधल्या तपासणीत माझं व्हिटॅमिन डी कमी आलं होतं आणि याच डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळ्या घ्या आणि जमेल तेव्हा उन्हात बसा. सहा महिने ज्याची वाट बघितली ते ऊन दारात येऊन उभं राहिलं आणि मी पडदे ओढून आत बसले. ओट्यासमोरची खिडकी मला सगळ्यात प्रिय, तिला मी सोलापुरी चादर टांगली. गादीवर घालायची ती जाड, मोरांच्या नक्षीची. तिच्यामागे स्वयंपाकघर दुपारी बारालाही तिन्हीसांजेसारखं दिसायचं.

आईला व्हिडिओ कॉलवर हात दाखवला तेव्हा तिला पटेना. "अगं, उन्हानं कधी कुणाचं असं झालंय का? तुला दुसरंच काहीतरी झालंय." तिचं बरोबर होतं, तिच्या जगात ऊन हे औषध आहे. बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरायचं. गाद्यांना ऊन दाखवायचं. कुरडया, पापड, सांडगे, सगळं उन्हाच्या भरवशावर. रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घालायचं, सूर्याच्या दिशेने. मी तिला म्हटलं, "आई, ऊन वाईट नाही गं. माझ्या अंगात सध्या एक औषध आहे, त्याला ऊन चालत नाही. तू मेथीच्या लाडवांवर आंबट खाऊ देत नव्हतीस ना, तसं पथ्य समज." पथ्य म्हटल्यावर तिला लगेच कळलं. मग रोज फोनवर पहिला प्रश्न, "बाहेर गेली नाहीस ना?"

मी घरून काम करायची परवानगी मागितली, ती मिळाली. ज्या दिवशी जावंच लागलं त्या दिवशी कपाटातून जुना सुती स्कार्फ काढला. पुण्यात कॉलेजला असताना स्कूटीवर जाण्याआधी आम्ही सगळ्या बांधायचो तसा बांधला, फक्त डोळे उघडे. वर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, हातात सुती मोजे. वीस वर्षांनी बोटांना ती गाठ बरोबर आठवली. पार्किंगमध्ये लोक बघत होते, बघू देत. पातळ पांढरं कापड फार काम करत नाही, घट्ट विणीचं, गडद रंगाचं कापड जास्त किरण अडवतं, हेही तेव्हाच शिकले. उरलेल्या उघड्या कातडीला झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. बाटलीवरचा एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा हिशेब सांगतो, म्हणून नुसता आकडा बघून घेऊ नका. यूव्हीएसाठी ब्रॉड स्पेक्ट्रम असं लिहिलेलं बघा. झिंक आपल्या रंगावर भस्म फासल्यासारखं पांढरं दिसतं. मी तसंच लावून मीटिंगला बसले. दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, आणि कानांच्या पाळ्या व पायाचे पंजे विसरायचे नाहीत.

फोनवर हवामानाच्या ॲपमध्ये यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरण किती तीव्र आहेत त्याचा आकडा असतो, तो मी आयुष्यात पहिल्यांदा उघडला. जूनच्या अखेरीस इथे दुपारी एकच्या आसपास आठ-नऊपर्यंत जातो. तीन किंवा त्याहून जास्त असेल तर सांभाळा, हा सर्वसाधारण लोकांसाठीचा नियम. मी दोनच्या वर असेल तरी बाहेर पडत नव्हते. संध्याकाळी साडेसातनंतर अंगणात जायचे. सूर्य ओकच्या मागे गेलेला असायचा, पण इथे साडेआठपर्यंत उजेड राहतो. त्या एका तासात मेथीला पाणी घालायचे. पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, आणि घरात आल्याबरोबर कपडे थेट ड्रायरमध्ये, कडक तापमानावर दहा मिनिटं. गोचीड थंड किंवा कोमट पाण्यात धुण्याने मरत नाही, कोरड्या उष्णतेने मरते. मग अंघोळ, आणि लेक टॉर्च घेऊन माझ्या गुडघ्यांच्या मागे, कानांच्या मागे, केसांत बघायची. तिच्या बोटांचा तो स्पर्श मला आवडायला लागला होता.

चौदा दिवस संपले. औषध अंगातून पूर्ण जायला आणखी काही दिवस लागतात, म्हणून मी आठवडाभर जास्त पाळलं. जळजळ दहाएक दिवसांत गेली होती, वरची कातडी पापुद्र्यासारखी निघाली आणि खाली काळे डाग राहिले. जुलैमध्ये एक नवीनच गोष्ट झाली. दोन्ही हातांच्या अंगठ्यांची नखं टोकाकडून पांढरी पडून मांसापासून सुटू लागली. मला वाटलं बुरशी. डॉक्टर म्हणाल्या, हेही त्याच उन्हाचं. नखाखालची जागाही भाजते, फक्त ते उशिरा दिसतं. नखं बारीक कापून ठेवली, पाण्यापासून जपली, तीन-चार महिन्यांत नवी आली. थकवा आणि गुडघ्याची ठणक मात्र ऑगस्टपर्यंत होती. काही जणांना याहून कितीतरी जास्त काळ राहते. त्यासाठी आणखी अँटिबायोटिक घेत राहून फायदा होत नाही, हे डॉक्टरांनी मला शांतपणे समजावलं आणि मी ऐकलं.

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. तिचे सासरे साताऱ्याहून आलेत, एकाहत्तर वर्षांचे, निवृत्त शिक्षक. कमरेच्या वर एक काळपट डाग, "पट्टा घासला असेल, म्हणताहेत." मी फोटो मोठा करून बघितला आणि गाडी काढली. हाताची उलटी बाजू डागावर ठेवली. गरम होता. पेनाने कड आखून दिली आणि म्हटलं, आजच डॉक्टरकडे न्या आणि गोचीड हा शब्द तुम्हीच आधी काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी कड अर्धा इंच पुढे गेलेली होती. त्यांनाही डॉक्सिसायक्लिन मिळालं.

संध्याकाळी मी पुन्हा गेले. काकांनी भारतातून आणलेला औषधांचा डबा उघडायला सांगितला. रक्तदाबाच्या गोळीच्या पाकिटावर दुसरं नाव होतं हायड्रोक्लोरोथायझाइड. तेही कातडीला उन्हासाठी हळवं करतं. शेजारी कॅल्शियमची गोळी, जी ते सकाळच्या सगळ्या गोळ्यांबरोबर एका घोटात घेत होते. मैत्रिणीने लगेच फार्मसीला फोन लावला. रक्तदाबाची गोळी बंद करायची नाही, कॅल्शियम दोन तास लांब ठेवायचं आणि ऊन दुप्पट सांभाळायचं, असं ठरलं. मग मी मार्कर घेतला आणि बाटलीवर त्या चिठ्ठ्यांच्या खाली मराठीत लिहिलं. पेलाभर पाणी. दूध-दही नाही. लगेच आडवं होणं नाही. उन्हात जाणं नाही.

काकांनी चष्मा लावून चारही ओळी वाचल्या. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "बाळ, मी रोज सूर्याला अर्घ्य देतो. पस्तीस वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. त्याचं काय करायचं?"

मी फोन काढला. उद्याचा सूर्योदय पाच वाजून तेवीस मिनिटांनी, यूव्ही इंडेक्स सातपर्यंत शून्य. काका तांब्या घेऊन डेकच्या कोणत्या कोपऱ्यात उभे राहतात ते बघायला आम्ही बाहेर गेलो. पूर्वेला झाडी होती, सूर्य वर यायला वेळ लागणार होता. "पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्यावर टोपी, आणि पाणी सोडून झालं की आत," मी म्हटलं. "पण काका, पाच वाजता उठावं लागेल."

"मी चारला उठतो," ते म्हणाले, आणि सदरा शोधायला आत गेले.